आईचा टीबी, बारावी आणि मांडीवरचं सूप

आधी तुझं म्हणणं मला नीट समजलंय का ते बघू. तू बारावी कॉमर्सला आहेस, सोलापूरच्या पूर्व भागात राहतेस. आई घरी विड्या वळते, बाबा टॉवेलच्या कारखान्यात मागावर, एक आठवडा दिवसपाळी आणि एक आठवडा रात्रपाळी. घरात आजी आणि चौथीतला भाऊ. डिसेंबरभर आईचा खोकला हटेना, वजन ३८ किलोवर आलं, आणि थुंकी तपासल्यावर फुप्फुसाचा टीबी निघाला. ५ जानेवारीपासून गोळ्या चालू आहेत. तेव्हापासून स्वयंपाक तुझ्याकडे, भावाची शाळा तुझ्याकडे, आईच्या गोळ्या मोजणंही तुझ्याकडे. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. रात्री दोनला जाग येते, छाती धडधडते, आणि वाटतं की आपल्यालाही झालाच. आजीनं आईचं ताट वेगळं काढलंय. बाबांनी बजावलंय की बाहेर बोलायचं नाही. पाचवीपासून जिच्यासोबत अभ्यास केलास त्या मैत्रिणीला यंदा गड्ड्याच्या जत्रेला यायला तू काहीतरी खोटं कारण सांगून नाही म्हणालीस, संक्रांतीला तिळगूळ द्यायलाही गेली नाहीस, आणि आता ती तुला बघून रस्ता बदलते. तू विचारलंस, "हा महिना कसा काढू? यंदा परीक्षा सोडून देऊ का?"

आणि मध्येच एका ओळीत तू सहज लिहून गेलीस की आईचं काम तुटू नये म्हणून रात्री साडेतीनशे-चारशे विड्या तूच वळतेस. ती ओळ मी बाजूला काढून ठेवलीय. तिच्याकडे परत येते.

मी याच भागात २६ वर्षं दवाखाना चालवते. माझ्या बाकावर बसणाऱ्या बायकांपैकी निम्म्या विड्या वळणाऱ्या, त्यांचे नवरे मागावर. त्यामुळे तुझं घर मी पाहिलं नसलं तरी त्याचा वास मला ओळखीचा आहे: भिजवलेली पानं, तंबाखू, आणि थंडी म्हणून लावून घेतलेली खिडकी.

परीक्षा सोडू नकोस. हे मी तुला धीर द्यायला म्हणत नाही, त्यामागे हिशेब आहे. टीबीचा उपचार २४ आठवड्यांचा. परीक्षा सोडलीस तरी त्यातला एक दिवसही कमी होणार नाही. मोकळे झालेले तास मात्र घर गिळून टाकेल. मी अशा तीन-चार मुली पाहिल्यात ज्यांनी "आईसाठी एक वर्ष" थांबायचं ठरवलं. आई जुलैत ठणठणीत झाली, पण मुलीच्या मांडीवरचं विड्या वळायचं सूप काही खाली उतरलं नाही.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते आधी सांगते, म्हणजे माझं बोलणं तू दगडावरची रेघ समजणार नाहीस. आईच्या थुंकीची मशीनवरची तपासणी, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, झाली असणार. तिच्या कागदावर रिफाम्पिसिनला, म्हणजे टीबीच्या मुख्य औषधाला, जंतूंचा प्रतिकार "नाही" असं लिहिलंय का, ते बघ. पुढचं सगळं मी ते "नाही" आहे असं धरून लिहितेय. ते "आहे" असेल तर औषधं वेगळी, मुदत वेगळी, आणि मग माझं नव्हे, तिथल्या डॉक्टरांचं ऐकायचं. दुसरं म्हणजे आईची साखर आणि एचआयव्हीची तपासणी झाली का. टीबी निघालेल्या प्रत्येकाची ती करतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. साखर वाढलेली असेल तर तीही आटोक्यात आणावी लागते, नाहीतर टीबी लवकर दबत नाही. तिसरं म्हणजे बाबा किती हात लावतील. ते मला इथून दिसत नाही.

गोळ्यांचं बघू. ३८ किलोला रोज तीन, चार औषधं एकत्र असलेल्या. असे ५६ डोस, मग तीन औषधांच्या गोळ्यांचे ११२. लघवी केशरी-लाल होईल, ती रिफाम्पिसिनमुळे. मागे एका बाईनं रक्त जातंय समजून आठवडाभर गोळ्या बंद ठेवल्या होत्या, आणि मला सांगितलं आठव्या दिवशी. सकाळी गोळ्यांनंतर थोडं मळमळणं चालतं. डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात, किंवा नजर अंधुक झाली, रंग नीट कळेनात, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, उद्यावर टाकायचं नाही.

सगळ्यात धोक्याचा दिवस कोणता, तर आईला बरं वाटायला लागेल तो. महिना-दीड महिन्यात खोकला जातो, भूक लागते, आणि माणूस म्हणतो, "आता कशाला एवढ्या गोळ्या?" जंतू तेव्हा सगळे मेलेले नसतात, काही फक्त गप्प झालेले असतात. तेव्हा लक्ष ठेवायला कुणीतरी हवं, पण ते कुणीतरी तू नकोस. रोज सकाळी समोर बसून गोळ्या गिळताना पाहणं आणि कार्डावर खूण करणं हे एका मोठ्या माणसाचं काम आहे. बाबांना ते कुठल्याही पाळीत जमतं: रात्रपाळी संपवून आल्या आल्या, दिवसपाळीला निघण्याआधी. त्यांना नाहीच जमलं तर आशाताईंना सांगायचं. तू रात्री उठून पाकिटातल्या गोळ्या मोजतेस असं लिहिलंयस. ते आजपासून बंद.

बाबा म्हणतात, खाजगीत औषध घेऊ, म्हणजे गल्लीला कळणार नाही. त्यांची भीती खोटी नाही. पण २०१२ पासून आम्हा खाजगी डॉक्टरांनाही टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करावीच लागते, म्हणजे लपवण्याचा हेतू काही साधत नाही. आणि औषधं सरकारात फुकट आहेत. कर्ज काढून तीच औषधं विकत घेण्यात शहाणपण नाही. शिवाय उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १००० रुपयांच्या हिशेबानं पैसे आईच्या बँक खात्यात येतात, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढलेत. खातं आधारला जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, तेवढं बाबांना बघायला सांग. काही अडलं तर १८००-११-६६६६ हा टीबीचा मोफत क्रमांक आहे.

त्या पैशात काय आणायचं? रोज दोन अंडी, मूठभर शेंगा, फुटाणे, मटकीची उसळ, डाळ जरा घट्ट. शेंगाचटणी तुमच्याकडे असतेच, ती भाकरीला लावण्यापुरती न ठेवता जरा सढळ हातानं वाढ. महागडे पावडरचे डबे आणू नका. माझ्याकडे येणारे निम्मे लोक भाजीला पैसे नाहीत म्हणतात आणि डब्यासाठी उसने काढतात.

आता तुझ्या भीतीकडे येऊ. टीबी हवेतून पसरतो. खोकणाऱ्या माणसाच्या तोंडातून उडालेले बारीक कण बंद खोलीत तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासात जातात. म्हणजे धोका सगळ्यात जास्त होता तो डिसेंबरात, आजार ओळखला नव्हता तेव्हा. औषध लागू पडत असेल तर साधारण दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता खूप कमी होते. तू हे वाचतेस तोवर त्यातला बराच काळ गेलेला असेल. तोवर खिडकी उघडी, दिवसा दार उघडं, आईच्या तोंडावर रुमाल किंवा मास्क, झोपायची जागा खिडकीजवळ, थुंकी झाकणाच्या डब्यात फिनाईल टाकून आणि मग संडासात. जानेवारीत आपल्याकडे पहाटे गारठा असतो, हे मला कळतं. चादरींच्या गावात राहतो आपण, एक चादर जास्त घ्या, पण खिडकी लावू नका.

तुझी, भावाची, आजीची, बाबांची तपासणी व्हायला हवी. ती तुझ्या मनातल्या "झालाच"साठी नाही, नियमच तसा आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम, हे विचारतात, छातीचा एक्स-रे काढतात. आजार नाही असं ठरलं की पुढे होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध देतात: एक प्रकार रोज सहा महिने, दुसरा आठवड्यातून एकदा असे १२ डोस. आठवड्याचा मिळाला तर माझ्या पद्धतीनं एक सांगते. पहिला डोस पेपरच्या आदल्या दिवशी घेऊ नकोस. काहींना त्या दिवशी अंग मोडून आल्यासारखं, ताप आल्यासारखं होतं. सुट्टीच्या आदल्या दिवशी घे, म्हणजे औषध तुला कसं मानवतं ते कळेल. लहानपणी बीसीजी दिलीय म्हणून तपासणी टाळायची नाही, मोठ्या वयात टीबी होणार नाही अशी खात्री ती लस देत नाही.

पण रात्री दोनची ती धडधड मला टीबीची वाटत नाही.

इथे ती बाजूला ठेवलेली ओळ घेते. माझ्याकडे विड्या वळणाऱ्या बायका "छातीत धडधडतंय मॅडम, झोप येईना" म्हणून येतात तेव्हा मी पहिल्यांदा विचारते, काल रात्री किती वाजेपर्यंत सूप मांडीवर होतं? तू लिहिलंयस: साडेआठला जेवणं, मग भांडी, मग बारापर्यंत विड्या, त्यात झोप येऊ नये म्हणून दोनदा चहा, मग बारा ते एक पुस्तक. आता यात काय काय आहे बघ. तंबाखूतलं निकोटीन फक्त ओढणाऱ्याच्या अंगात जात नाही. ते बोटांच्या कातड्यातून जातं, उडणाऱ्या भुकटीतून नाकात जातं. थंडीत खिडकी बंद, वर पिवळा दिवा, आणि तू सुपावर वाकलेली. आईला वीस वर्षांत त्याची सवय झालीय, तुझ्या अंगाला नाही. निकोटीननं नाडी वाढते, डोकं जड होतं, मळमळतं, झोप उडते. त्यावर चहा, त्यावर काळजी. एवढं सगळं अंगात घेऊन एक वाजता झोपलेल्या कुणालाही दोनला जाग येईल.

तर माझा सल्ला असा. परीक्षा संपेपर्यंत विडीला हात लावायचा नाही. कमी करणं नाही, सोडणं. पाच रात्री सूप भिंतीला टेकवून ठेव, संध्याकाळी सहानंतर चहा नको, आणि बघ धडधड किती राहते. बहुतेक जणींची बरीच उतरते. नाही उतरली, दिवसाही येत राहिली, चक्कर आली, तर डॉक्टरांना नाडी आणि रक्तातलं लोह दाखव. तुझ्या वयाच्या मुलींत रक्त कमी असणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे, आणि त्यानंही अशीच धडधड होते. आणि रोज वेगवेगळ्या काट्यावर वजन करणं थांबव. मेडिकलच्या दारातला काटा आणि किराणा दुकानातला काटा यांत एक-दीड किलोचा फरक सहज पडतो. त्या फरकावर तू दोन रात्री रडलीस.

"मग काम तुटेल" असं तू म्हणशील. मजुरी हजारामागे मिळते, चारशे विड्यांचे किती होतात ते तुला माझ्यापेक्षा बरं ठाऊक. तेवढ्यासाठी तू रोजचे अडीच तास आणि झोप देतेस. कारखान्यात आई आजारी असल्याचं बाबांनी जाऊन सांगायचं, मुलीनं गुपचूप माल पुरा करायचा नाही. आईचा पीएफ कापला जात असेल तर आजारपणासाठी त्यातून पैसे काढता येतात, तीही चौकशी त्यांनीच करायची. आणि आईकडे विडी कामगार म्हणून ओळखपत्र असेल तर विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. आता अर्ज करायची वेळ नाही, पण जूननंतर कॉलेजात पहिला प्रश्न हा विचार. आईनंही निदान पहिले दोन महिने काम करू नये. पुढे केलंच तर ओट्यावर, उघड्यावर, त्या बंद खोलीत नाही.

इथपर्यंत तुझ्या डोक्यावरून तीन गोष्टी उतरल्या: गोळ्या, विड्या आणि "मलाही झालाच". ताट, मैत्रीण आणि पुस्तक राहिलं.

ताटाबद्दल मला माझीच एक चूक सांगावी लागेल. दवाखाना नवा होता. एका घरातल्या सुनेला टीबी निघाला. सासूनं विचारलं, "भांडी वेगळी ठेवू का?" मी घाईत होते, बाहेर रांग होती. म्हटलं, "ठेवा, बरं असतं." शास्त्र मला माहीत नव्हतं असं नाही. ताटा-तांब्यातून टीबी पसरत नाही, हे मी शिकले होते. पण "ठेवा" म्हणणं सोपं गेलं. ती सून औषध पूर्ण करून बरी झाली. दोन-एक वर्षांनी त्या घरी तापाच्या मुलाला बघायला गेले तेव्हा स्वयंपाकघरात जेवणं चालली होती. सगळे ओळीत बसलेले, ती दाराजवळ. तिच्या स्टीलच्या ताटाच्या काठावर खिळ्यानं ओरखडून फुली केलेली. मी विचारलं, ही फुली कसली? तीच म्हणाली, "तुमीच सांगितलं होतं की मॅडम." मी सासूशी बोलले, त्यांनी ऐकलंही. पण दोन वर्षं काही परत आली नाहीत. तेव्हापासून भांड्यांचा प्रश्न आला की मी खुर्चीवरून उठून बोलते.

तुझ्या आजीशी भांडू नकोस. तिनं तिच्या तरुणपणी टीबीनं माणसं गेलेली पाहिली असतील, त्या वेळी हातात आजच्यासारखी औषधंही नव्हती. तिची भीती तेव्हाची आहे. तपासणीला तिला सोबत घेऊन जा आणि तिथल्या डॉक्टरांना तिच्यासमोर विचार, "आईचं ताट वेगळं ठेवायचं का?" नातीचं ती ऐकणार नाही, पांढऱ्या कोटाचं ऐकेल. तुमच्या घरी तेलुगू बोलतात ना, तर तेलुगू बोलणारी नर्स मिळाली तर उत्तम, आपल्याकडे मिळते. आणि तोवर रात्री तू तुझं ताट घेऊन आईशेजारी जाऊन बस, खिडकी उघडी ठेवून. आजी काही बोलली तरी जेवण संपव.

मैत्रिणीचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण तिथे कुणाचाच दोष नाही. गड्डा वर्षातून एकदा येतो. तुम्ही दोघी पाचवीपासून होम मैदानावर पाळण्यात बसायच्या, नंदीध्वज बघायला गर्दीत हात धरून उभ्या राहायच्या. यंदा तू म्हणालीस, "मला अशा गर्दीत जायला आवडत नाही आता." तिच्या बाजूनं हे वाक्य ऐक. तिला टीबी ठाऊक नाही, विड्या ठाऊक नाहीत. तिला एवढंच कळलं की आपली मैत्रीण अचानक मोठी शिष्ट झाली.

सांगावं का? माझं मत, सांगावं. पण आधी आईला विचार. आजार तिचा आहे, तो कुणाला सांगायचा हे तिनं ठरवायचं, बाबांनी नाही आणि तूही नाही. रात्री भाकरी करताना सहज विचार, "अम्मा, हिला सांगू का?" माझा अनुभव असा की आया बहुतेक वेळा हो म्हणतात. लपवून ठेवलेला आजार त्यांनाही जड झालेला असतो. नाही म्हणाली तर मैत्रिणीला इतकंच सांग की घरी आजारपण आहे, नाव आत्ता सांगता येत नाही. तेवढंही पुरतं.

हो म्हणाली तर लांबण लावू नकोस. "आईला टीबी झालाय. औषध चालू आहे. म्हणून मी गड्ड्याला आले नाही. तुला टाळत नव्हते." बस. व्हॉट्सॲपवर नको, तो निरोप पुढे कुठे जाईल सांगता येत नाही. समोर सांग, कॉलेजच्या जिन्यात, कुठेही. ती काय करेल याची हमी मी देत नाही. काही मुली गळ्यात पडतात, काही "बरं" म्हणून निघून जातात आणि चार दिवसांनी डबा घेऊन येतात. तिच्या आईनं कदाचित "त्यांच्या घरी जाऊ नको" म्हटलं तर राग धरू नकोस, घरी बोलवायचा हट्टही करू नकोस. बाहेर भेटा, अभ्यासिकेत बसा. तू स्वतः आजारी नाहीस असं तपासणीत ठरलं की तुझ्याशेजारी बसून तिला काही होणार नाही.

तिच्याखेरीज अजून एकाला सांगावं: वर्गशिक्षकांना. सहानुभूतीसाठी नव्हे. सराव परीक्षेला उशीर झाला, प्रकल्पवही द्यायची राहिली, तर वर्गात सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागू नये म्हणून. मॅडम असतील तर आणखी सोपं. बाकी गल्लीला काही सांगायची गरज नाही. दोन माणसं खूप झाली.

अभ्यासाबद्दल मी शिक्षिका नाही, पण माझ्या दोन मुली याच गावात बारावी झाल्या, आणि दवाखान्याच्या बाकावर बसून वह्या उघडणारी पोरं मी रोज बघते. तुझं वेळापत्रक वाचलं. त्यात रोज नऊ तास अभ्यास लिहिलाय आणि प्रत्यक्षात होतो दीड-दोन तास, त्यातलाही एक रात्री बारानंतर. मग उरलेल्या सात तासांचं पाप डोक्यावर घेऊन झोपायचं. असं वेळापत्रक फाडून टाकलेलं बरं. तुझ्या घरात खात्रीचे तास किती? मला साडेचार-पाच दिसतात: पहाटे पाच ते साडेसहा, भाऊ शाळेत गेल्यावर सकाळचे दोन तास, आणि विड्यांचे जे अडीच तास सुटले त्यातला नऊ ते साडेदहा. साडेदहाला दिवा बंद. झोपेतच दिवसभराचं वाचलेलं पक्कं होतं, त्यामुळे बारानंतर वाचलेलं पान सकाळी कोरं निघतं, याचा अनुभव तुला असेलच.

पाण्याचा दिवस वेगळा धर. आपल्याकडे नळ रोज येत नाही, आणि येतो तेव्हा घागरी, बॅरल, हंडे, सगळं घर त्यात. त्या दिवशी "आज काहीच झालं नाही" असं म्हणत बसण्यापेक्षा आधीच ठरव की त्या दिवशी फक्त तोंडी उजळणी: चिटणीसाची कार्यपद्धतीतल्या व्याख्या, अर्थशास्त्रातले फरक स्पष्ट करा. घागर भरताना मनात म्हणता येतात. पुस्तपालनाची गणितं मात्र वाचून होत नाहीत. उत्तरं बघून "हो, येतं मला" असं वाटतं आणि पेपरात भागीदाराच्या निवृत्तीचं खातं जुळत नाही. रोज एक पूर्ण गणित, पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर, घड्याळ लावून. अंतिम खाती आधी, मग निवृत्ती आणि मृत्यू, मग विसर्जन. मैत्रीण परत आली तर ती गणितं दोघींनी मिळून सोडवा, एकीनं बोलायचं, दुसरीनं लिहायचं. याहून चांगला सराव मला माहीत नाही.

मागांच्या आवाजाची तू तक्रार केली नाहीस, ते मला आवडलं. पूर्व भागातली पोरं त्या खडखडाटातच वाढतात. माग थांबले की उलट जाग येते.

घरकामाची वाटणी करताना आजीला मोकळी सोडू नकोस. कणीक मळणं, शेंगा सोलणं, भावाचं दप्तर भरणं तिला बसून जमतं, आणि हाताला काम मिळालं की वेगळ्या ताटासारख्या गोष्टी सुचायचं प्रमाणही कमी होतं. चौथीतला भाऊ स्वतःचं ताट धुवू शकतो. भाकरी रोज ताजी हवीच असं नाही. कडक भाकरी हे आपल्या सोलापूरचं वरदान आहे, रविवारी केलेली आठवडाभर चालते. आमटीत कुस्करून घेतली तर आईलाही खाता येते.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस पण मी विचारते. "सगळं संपवून टाकावं" असं कधी मनात येतं का? आलं असेल तर त्यात लाज नाही, पण ते एकटीनं ठेवू नकोस. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक मदतसेवेचा क्रमांक आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. आणि घरात कुणाला तरी त्याच रात्री उठव.

बाबांना यातलं काय सांगायचं हे तुला अवघड जाईल. हे सगळं त्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल. त्यांना राग आला तर माझ्यावर येऊ दे. पाळीवरून दमून आलेल्या माणसाला लांब भाषण नको, तीन कामं सांग: सकाळच्या गोळ्या, बँकेचं खातं, कारखान्यात निरोप. पुरुषांना काम नेमकं सांगितलं की ते करतात, "तुम्ही काहीच बघत नाही" म्हटलं की चप्पल घालून बाहेर जातात. निदान माझ्या दवाखान्यात येणारे तरी.

आता एक तारीख लिहून ठेव. ५ जानेवारीपासून एकही दिवस चुकला नसेल तर आईचा ५६ वा डोस १ मार्चला पडतो. त्यानंतर थुंकीची पुन्हा तपासणी होते आणि गोळ्या बदलतात. म्हणजे ती तुझ्या पेपरांच्या ऐन मध्ये येणार. डबी आदल्या दिवशी आणून ठेवायची, पहाटे उठल्या उठल्या तोंड धुवून खोल खोकून आईनं त्यात थुंकी द्यायची, आणि डबी घेऊन बाबांनी जायचं. रात्रपाळी असली तरी त्यांनीच. कॅलेंडरवर त्या तारखेला त्यांच्याच हातानं खूण करून घे, आणि तुझं हॉल तिकीट त्याच खिळ्याला अडकव.